जुनी स्पोर्ट्स कार घेताना: आधी कागद, मग गार इंजिन, चक्कर सगळ्यात शेवटी

माझी पहिली जुनी स्पोर्ट्स कार मी पंधरा मिनिटांत पसंत केली. दोन सीटची, कापडी टपाची, लाल रंगाची. मालकाने किल्ली हातात दिली, मी एक चक्कर मारली आणि परत येऊन लगेच इसार दिला. पोहोचलो तेव्हा बोनेटला हात लावला होता, ते कोमट लागलं. ‘आत्ताच पेट्रोल भरून आणली’ असं मालक म्हणाला आणि मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गाडी सुरू केली तर मागे निळ्या धुराचा लोट. इंजिन ऑइल जाळत होतं आणि आदल्या दिवशी ते आधीच तापवून ठेवल्यामुळे मला काही दिसलं नव्हतं. शेवटी हेड उघडावं लागलं.

त्यानंतर मी स्वतःसाठी आणि मित्रांसाठी बऱ्याच गाड्या पाहिल्या आणि तपासण्याचा एक क्रम ठरवून टाकला. स्पोर्ट्स कार चालवली की माणूस हुरळतो. एकदा हुरळला की गंज दिसत नाही आणि कागदातली खोट खटकत नाही. म्हणून चालवायचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवतो. तुम्हीही हाच क्रम ठेवा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

१. मॉडेल ठरवा आणि त्याचं जुनं दुखणं आधी पाठ करा

‘कुठलीही चांगली मिळाली तर बघू’ असं म्हणून बाहेर पडू नका. प्रत्येक जुन्या मॉडेलचं एखाददुसरं ठरलेलं दुखणं असतं आणि ती गाडी वापरणाऱ्यांना ते तोंडपाठ असतं. काही उदाहरणं देतो.

मज्दा एमएक्स-५ ची पहिली पिढी १९८९ ते १९९७ या काळातली. साधी, टिकाऊ गाडी, पण सिल (दारांखालून पुढून मागे जाणारे पत्र्याचे पोकळ भाग) आणि मागच्या चाकांच्या कमानी गंजतात. टपावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचून राहतं. अगदी सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक बारीक आहे. तिथली खाच झिजली की पुली डगमगायला लागते.

पोर्शे ९४४ मध्ये (१९८२ ते १९९१) टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. या गाडीचा बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरून चाला. पोर्शेच्याच पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये आणि ९९६ मालिकेच्या ९११ मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा काळजीचा विषय. ते गेलं की पूर्ण इंजिन जातं. क्लचच्या कामाच्या वेळी ते बदलून घेतात, म्हणून क्लचचं बिल मागताना बेअरिंगचाही उल्लेख शोधा.

बीएमडब्ल्यू ई-४६ एम-३ (२००० ते २००६) पाहत असाल तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बदलली का, आणि मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे पत्र्याला जोडली आहे तिथे चिरा आहेत का, हे दोन प्रश्न आधी. होंडा एस-२००० चं सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरतं. ते तसं फिरवणाऱ्या मालकाने ऑइलची पातळी किती वेळा पाहिली यावर त्याचं आयुष्य ठरतं. मज्दा आरएक्स-७ मध्ये रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. त्याचं कॉम्प्रेशन (आतली हवा किती दाबली जाते ते) साध्या गेजने कळत नाही, रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणारं खास यंत्र लागतं. ते यंत्र असलेला मेकॅनिक तुमच्या आवाक्यात नसेल तर ही गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नका.

२. फोनवरच निम्मी तपासणी उरका

गाडी बघायला जाण्याआधी हे विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा:

- गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे, आणि का विकताय?
- वर्षाला साधारण किती किलोमीटर चालते?
- टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच शेवटचे कधी बदलले? बिलं आहेत का?
- कुठे ठोकली होती का? रंग कुठे कुठे मारला आहे?
- इंजिन, सस्पेन्शन किंवा ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) काही बदल केले आहेत का? मूळ पार्ट जपून ठेवलेत का?
- कर्ज किंवा बोजा आहे का?

शेवटी सांगा, ‘मी सकाळी येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका.’ मालक ऐकून थोडा थांबतो, मग बहुतेक जण हो म्हणतात. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जायचे कष्ट मी घेत नाही.

उत्तरं नेमकी मिळाली तर बरं वाटतं. ‘क्लच बदलला, गिअरबॉक्स उतरवला तेव्हाच मागचं ऑइल सील पण टाकलं’ असं सांगणारा माणूस गाडीच्या कामात स्वतः लक्ष घालणारा असतो. ‘सगळं ओके आहे, काही करायची गरज नाही’ हे उत्तर मला नेहमी धोक्याचं वाटतं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत करायला काहीतरी निघतंच.

३. कागदपत्रं

गाडीजवळ जाण्याआधी कागद हातात घ्या:

- नोंदणीपत्र, त्यावर विकणाऱ्याचंच नाव
- विकणाऱ्याचं ओळखपत्र
- चालू विम्याचा कागद
- कर्ज फिटल्याचा दाखला, कर्ज होतं तर
- सर्व्हिस बुक आणि कामाची बिलं
- उत्पादकाने गाड्या परत बोलावून काही काम केलं असेल तर त्याची नोंद (विशेषतः ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरची, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाची, कारण तो दोष जीवघेणा आहे)
- दोन्ही किल्ल्या

मग चासी नंबर जुळवा. १९८१ पासूनच्या बहुतेक गाड्यांना १७ अक्षर-अंकी नंबर असतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. काचेखालची पट्टी, दारातला स्टिकर, पत्र्यावर ठोकलेला नंबर आणि नोंदणीपत्र, चारही ठिकाणी एकच नंबर हवा. ठोकलेल्या नंबराच्या आजूबाजूचा पत्रा घासल्यासारखा किंवा नव्याने रंगवल्यासारखा दिसला तर नमस्कार करून निघा. इंजिन नंबरही पाहा. वेगळा असला तरी घाबरू नका, इंजिन बदललेलं असू शकतं, पण त्याची नोंद आणि बिल हवं.

बिलांमध्ये तारखा आणि किलोमीटर यांचा क्रम लावून बघा. दोन वर्षांपूर्वीच्या टायरच्या बिलावर आजच्यापेक्षा जास्त किलोमीटर लिहिलेले मी स्वतः पाहिले आहेत. ओडोमीटर मागे फिरवणारा सर्व्हिस बुक सांभाळतो, पण टायरवाल्याचं एखादं चिटोरं त्याच्या हातून निसटतं.

४. सोबत काय न्यायचं

चांगला टॉर्च, हातात मावणारा आरसा, खाली अंथरायला जुनी चादर, हातमोजे, पांढरं फडकं, पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक, रंगाची जाडी मोजायचं मीटर आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र). आणि गाडीच्या प्रेमात नसलेला एक मित्र. हा मित्र फार उपयोगी पडतो.

५. पत्रा: पाणी कुठे मुरतंय ते शोधा

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, पण गंजलेला सांगाडा सरळ करणं सगळ्यात महागडं आणि वेळखाऊ काम असतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीची तपासणी करू नका. ओला रंग सगळंच झाकतो.

आधी गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि बाजूने, डोळा दाराच्या उंचीवर आणून बघा. पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? रंगाची छटा एखाद्या दारावर वेगळी दिसते का? मग मीटर लावा. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरते. एखाद्या ठिकाणी ३०० दिसलं तर पुन्हा रंग मारलाय, हजाराच्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे. रंग पुन्हा मारणं हा गुन्हा नाही, दगड उडून बोनेटवर टवके पडतातच. पण मालकाने फोनवर ‘रंग मूळचा आहे’ म्हटलं असेल तर बाकीची उत्तरंही पुन्हा तपासा.

चुंबक आणि साधं मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. कॉर्व्हेटची बाहेरची बॉडी पहिल्यापासून, म्हणजे १९५३ पासून फायबरची आहे. लोटस एलिसला फायबरची बॉडी आणि खाली चिकटवून जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची चासी आहे. अशा गाड्यांत गंज शोधण्यापेक्षा फायबरमधल्या बारीक चिरा आणि चासीवर मार बसल्याच्या खुणा शोधा. एलिसची चासी वाकली तर ती नीट सरळ होत नाही, सहसा बदलावीच लागते.

आता माझ्या दुसऱ्या खरेदीच्या वेळचा प्रसंग सांगतो. वरून गाडी देखणी होती. मी चालकाशेजारच्या सीटपुढचा गालिचा कोपऱ्यातून उचलला, तर खालचा फोम ओला. बोटांना मातकट पाणी लागलं आणि कुबट वास आला. मग बाहेर येऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर हलके ठोके मारत पुढून मागे गेलो. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाच्या जरा अलीकडे एकदम भद्द. पुन्हा मारलं, पुन्हा भद्द. टॉर्च घेऊन खाली आडवा झालो तर तिथे जाड, ताजं, काळंभोर अंडरकोटिंग होतं. बाकीचा तळ मात्र जुना, धुळकट. मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, गंज लागू नये म्हणून मारलंय. मी ती गाडी घेतली नाही.

म्हणून या जागा एकही न सोडता बघा: दोन्ही सिल आणि जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानींची आतली कड, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, विंडशिल्डच्या खालची कड, सस्पेन्शन जिथे सांगाड्याला बोल्टने जोडलं आहे त्या जागा, आणि टपाच्या पाण्याच्या नळ्या. टप कापडी असेल तर नळीत ग्लासभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर येतंय का पाहा. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. फुगवटे आलेला रंग म्हणजे आतून सुरुवात झालेली असते, आणि दिसतो त्याच्या कितीतरी पट आत पसरलेला असतो.

अपघाताची खूण पुढच्या-मागच्या बंपरपेक्षा आत जास्त दिसते. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे लांब बीम एकमेकांशी ताडून बघा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे ठरावीक अंतरावर असतात. एका बाजूला ते आहेत आणि दुसरीकडे सपाट किंवा ओबडधोबड जोड आहे, तर त्या बाजूचं काम झालंय. मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते बोल्ट कुणीतरी फिरवलेत.

६. इंजिन, अगदी गार

बोनेटवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर तळहात ठेवा. कोमट असेल तर किल्ली परत द्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

गार असतानाच डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसा. ऑइल काळं असणं चालेल, पण त्यात चकाकणारे कण नकोत. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसला तर सावध व्हा. छोट्या छोट्या फेऱ्यांनी आत साचलेली वाफ असू शकते, पण कूलंटच्या टाकीतही ऑइलचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय धरा. कूलंट गढूळ, तपकिरी असेल तर ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही.

आता मित्राला मागे सायलेन्सरपाशी उभं करा आणि तुम्ही सुरू करा. किल्ली फिरवल्यावर ऑइल आणि चेक इंजिनचे दिवे आधी लागायला हवेत, मग विझायला हवेत. जो दिवा लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो. पहिल्या काही सेकंदांत कान द्या. क्षणभराची टिकटिक काही इंजिनांत चालते, खालून येणारा जाडसर ठक-ठक आवाज मात्र कधीच चालत नाही.

धूर मित्राने बघायचा. सुरू करताच निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह स्टेम सील गेलेत. जोरात पिकअप घेताना निळा येत असेल तर बहुधा रिंगा, टर्बो असेल तर त्याचं सीलही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर निळा आला तर व्हॉल्व्ह गाइड. थंड सकाळी पांढरी वाफ दिसून विरते ती साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे त्यातल्या त्यात स्वस्तातलं दुखणं.

ओबीडी स्कॅनर इथे जोडा. अमेरिकेत ओबीडी-२ १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधीच्या गाडीत हा स्कॅनर चालेलच असं नाही. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या कुठल्या चाचण्या पूर्ण केल्यात ते. बरेचसे ‘पूर्ण नाही’ असं दाखवत असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे.

७. टायर, ब्रेक, सस्पेन्शन

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ च्या २३व्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्याही आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांवरच्या टायरवर वेगात जायचं नाही. झीज आतल्या कडेला जास्त असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा बुश गेलेत. चारी टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले तर मालकाने हात आखडता घेतलाय, आणि तो फक्त टायरपुरता आखडला असेल असं नाही.

ब्रेक डिस्कच्या कडेला बोटाने उभी धार जाणवते का बघा, ती डिस्क झिजल्याची खूण. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, बिलात शोधा.

८. आतून

ओडोमीटर कमी दाखवत असेल तर पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड आणि चालकाच्या सीटची दाराकडची उशी यांची झीज त्याच्याशी जुळते का? प्रत्येक बटण दाबा, काचा खालीवर करा, टप पूर्ण उघडून बंद करा, एसी लावा.

खरोखरच फार कमी चाललेली गाडी असेल तरी फसू नका. उभी राहिलेल्या गाडीत सील सुकतात, टाकीत पेट्रोल खराब होतं, ब्रेक जाम होतात, आणि बेल्ट किलोमीटर पाहत नाही, वर्षं पाहतो. मी तरी दर आठवड्याला चाललेली, बिलांचा गठ्ठा असलेली गाडी घेईन, किलोमीटर दुप्पट असले तरी.

९. आता चक्कर

निदान अर्धा तास, खराब रस्ता आणि मोकळा रस्ता दोन्ही. रेडिओ बंद, काचा आधी खाली, मग वर.

गिअरबॉक्स गार असतानाच तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्या. खर्रकन आवाज आला किंवा गिअर आत जायला कुरकुरला तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी कडी) झिजलाय. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात आधी तोच जातो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग तितका वाढला नाही, तर क्लच घसरतोय. सरळ, सुरक्षित रस्त्यावर जोरात ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का बघा. खड्ड्यांवरून हळू जाताना ठक आवाज आला तर बुश किंवा बॉल जॉइंट. वळणावर वाढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची.

तापमानाचा काटा एका जागी स्थिर हवा. परत आल्यावर इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून पंखा लागतो का पाहा. मग बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. काही गाड्या तापल्या की लवकर सुरू होत नाहीत, ते इथेच कळतं.

१०. त्या मॉडेलवर काम करणारा मेकॅनिक

इथपर्यंत पसंत पडली तरच हा खर्च करा, पण करा नक्की. विकणाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको. त्याच मॉडेलवर हात बसलेला, तुम्ही पैसे देणारा माणूस हवा. त्याला तीन गोष्टी लेखी मागा. गाडी लिफ्टवर घेऊन तळाचे फोटो. कॉम्प्रेशन: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा, आणि संशय आला तर लीक-डाउन चाचणीसुद्धा (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं). तिसरी गोष्ट, ऑइल फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का. मालक यातल्या कशालाच तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

११. व्यवहार

दोषांची यादी आणि प्रत्येकाचा दुरुस्तीचा अंदाज कागदावर लिहून मगच किमतीचं बोला. हुज्जत घालावी लागत नाही, कागद पुढे केला की पुरतं. सगळी पुंजी गाडीत घालू नका. किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा. विम्याचा हप्ता आधीच विचारून घ्या, कारण जुन्या स्पोर्ट्स कारला काही विमा कंपन्या नकार देतात. इसार दिलात तर पावती घ्या आणि त्यावर ‘तपासणीत दोष निघाल्यास परत’ असं लिहून घ्या. मूळ पार्ट, जादा चाकं, मॅन्युअल, टपाचं कव्हर त्याच दिवशी ताब्यात घ्या. ‘नंतर पाठवतो’ म्हटलेल्या वस्तू सहसा येत नाहीत.

१२. पहिला आठवडा

मालकाने काहीही सांगितलेलं असो, इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदला. बेल्टचं बिल नसेल तर तो बदलेपर्यंत गाडी उभीच ठेवा. महिनाभर दर पेट्रोलला डिपस्टिक बघा आणि किती ऑइल घालावं लागलं ते तारखेसह लिहा. बेल्ट बसवून झाला की टायमिंग कव्हरवर पक्क्या शाईच्या पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. उद्या ही गाडी बघायला येणारा माणूस बोनेट उघडून पहिल्यांदा तेच शोधेल.